सरकारची सालगिरा, उस्तादांची बरसी

अप्पा,

सूनबाई रोज सकाळी पेपरातलं दिनविशेष मोठ्यानं वाचते. मला अजून दिसतं, पण तिला वाचायची हौस आहे आणि मला नको म्हणायचा कंटाळा. कुठल्या तरी साली तह झालेला असतो, कुठला तरी किल्ला पडलेला असतो, कुणी तरी समुद्र ओलांडलेला असतो. त्यानंतर जन्म येतात. आज एका सतारियाचा होता, नाटकात गाणाऱ्या एका बाईचा होता, आणि परदेशातल्या एका वाजवणाऱ्याचा होता, ज्याचं नाव तिला धड उच्चारता आलं नाही म्हणून ती स्वतःच हसली. मी चहात बटर बुडवत ऐकत होते. पेपराची घडी घालताना ती म्हणाली, "आत्याबाई, दुपारी पाथरीच्या शाळेचे मास्तर यायलेत. तुमच्या अप्पांचं नाव लावणार म्हणे मुक्तिदिनाला." मी बरं म्हटलं.

दोघं आले. एक मास्तर आणि एक तरुण बाई. शाळेच्या दारात मोठा फळा केलाय म्हणे, रोजचं दिनविशेष लिहायला. त्यात नुसती बाहेरची माणसं नकोत, आपल्या तालुक्यातलीही पाहिजेत, असं ठरलंय. तुमचं नाव त्यांना कुणी तरी सांगितलं होतं: निजामाच्या वाढदिवसाला गायला नकार देणारा गवई. मास्तरांनी विचारलं, "आजी, त्यांची जन्मतारीख काय?" मी म्हटलं, ठाऊक नाही. "अंदाजानं?" मी म्हटलं, जोंधळा निसवला होता, कणसं बाहेर आली होती, असं त्यांची माय सांगायची. मास्तर म्हणाले, "एक जून टाकू का?" मी म्हटलं, टाका. त्या वेळी आपल्याकडं कुणाला जन्मदिवस होता, अप्पा? तुम्हाला नव्हता, मायला नव्हता, तुमच्या उस्तादांनाही नव्हता. अख्ख्या पाथरीत जन्मदिवस एकट्या सरकारला होता, आणि तो आम्ही सगळ्यांनी मिळून पाळायचा होता.

मी त्यांना सगळं सांगितलं. चहा गार झाला, तरी ती दोघं माझ्या तोंडाकडं बघत बसली. मला रडू येईल असं त्यांना वाटत असावं. मलाही वाटत होतं, येईल. पण दुसऱ्याच्या घरातलं सांगावं तसं सगळं सांगून झालं. ती गेल्यावर पदराला हात पुसले आणि वाटलं, हे ज्याचं आहे त्यालाही एकदा सांगावं. तुम्ही कुठं काय बोललात ते तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही गेल्यावर मागं काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. म्हणून लिहायला बसलेय.

आपलं किराण्याचं दुकान मला सगळ्यात आधी आठवतं. पाथरीच्या बाजारात एवढ्या वाण्यांची दुकानं, पण मिरची न ठेवणारं दुकान आपलंच. मागच्या खोलीत तुम्ही रियाजाला बसायचात, आणि मिरचीच्या पोत्यांनी तुमचा घसा धरायचा. एक दिवस तुम्ही पोती उचलून शेजाऱ्याला देऊन टाकली. माय किती बोलली तुम्हाला! "मिरचीबिगर किराणा म्हंजे कुंकवाबिगर सवाशीण," म्हणाली. तुम्ही गूळ फोडत होतात. मान वर न करता म्हणालात, "लोक गूळ तर नेतेत ना?" गिऱ्हाइकं हसायची. गूळ इथनं घ्यायची, मिरची पलीकडनं. मला वाटायचं, सगळ्यांचे अप्पा असंच करतात.

खाँसाहेब तुम्हाला कसे भेटले ते तुम्ही फार वेळा सांगायचात. ते कुठल्याशा जहागीरदाराकडं चाकरीला होते, तिथं काही बिनसलं, आणि बायकोला घेऊन पाथरीला येऊन राहिले. दर्ग्यामागच्या गल्लीत घर घेतलं. तुमचं तेव्हा नुकतं लग्न झालं होतं. एकदा ते साखर घ्यायला आले, तेव्हा तुम्ही शेतकऱ्याचा जोंधळा मापून घेत होतात. पहिल्या मापाला आपण 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. तुम्ही तो 'लाभ' लांबवून म्हणायचात, पुढचं माप भरेपर्यंत. खाँसाहेब साखर विसरून उभे राहिले. पोतं संपलं, तेव्हा म्हणाले, "बेटा, ये जो पहला बोला तू, वो फिर से बोल." तुम्हाला वाटलं मापात खोट काढायलेत. तुम्ही रागानं म्हणालात, "माप बराबर हाय!" ते म्हणाले, "माप का नै पूछ रा मैं." त्यानंतर तुम्ही त्यांच्या घरी जाऊ लागलात. सकाळी इष्टलिंगाची पूजा, कपाळाला भस्म, आणि तसेच दर्ग्यामागच्या गल्लीत. मठातल्या स्वामींना कुणी तरी जाऊन सांगितलं, लिंगायताचा पोरगा दर्ग्यामागं जातोय म्हणून. स्वामी म्हणाले, जातोय तर जाऊ द्या, गाणंच शिकतोय. ते स्वामी चांगले होते.

खाँसाहेब गेले तेव्हा मी लहान होते. मला त्यांची दाढी आठवते आणि मांडीला लागलेला त्यांचा रेशमी कुडता आठवतो, बाकी काही नाही. ते गेले चैत्रातल्या अवसेला. त्यांना मूल नव्हतं, म्हणून बरसी तुम्ही करायची असं तुमचं तुम्हीच ठरवलंत. त्यांच्या लोकांत ती चांदाच्या महिन्यावर करतात, पण तुम्हाला तो हिशोब जमेना. तुम्ही आपल्या पंचांगानं चैत्राची अवस धरली. खाँसाहेबांच्या बायकोनं, आपल्या अम्माजाननं, ते ऐकलं आणि म्हणाली, "कर रे, तेरे पंचांग से कर. उनो कौनसे गिनने बैठे."

तो दिवस घरात कसा असायचा! तुम्ही सकाळपासून पाणीसुद्धा घेत नव्हतात. कबरीवर मोगऱ्याची फुलं ठेवून यायचं, दुकानाची फळी लावूनच ठेवायची, आणि मागच्या खोलीत तंबोरा काढायचा. मधे मायचं जुनं लुगडं बांधून पडदा केलेला असायचा, त्याच्या पलीकडं अम्माजान. गाणं रंगलं की ती तिथनं "हौ" म्हणून दाद द्यायची. ती येताना खडीसाखर आणि खारका आणायची. शिजवलेलं आपण तिच्या हातचं घेणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि कोरडं चालतं हेही. माय तिला चहा द्यायची, पण तिचा कप वेगळा. तो न्हाणीजवळच्या खुंटीला अडकवलेला असायचा. अम्माजान तो स्वतः विसळून परत तिथंच लावायची. मला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. एकदा ती मायला म्हणाली, "तुम लोगां बी मिट्टी में जाते, हम बी मिट्टी में जाते. तुम बैठ के जाते, हम लेट के. बस इत्ताच फरक है, आराम का." माय हसली नाही. पण संध्याकाळी भाकरी थापताना एकटीच हसली, ते मी बघितलं.

आणि सरकारची सालगिरा, निजामाचा वाढदिवस. त्या दिवशी कचेरीवर दिवे लागायचे, पोरांना बत्तासे मिळायचे, संध्याकाळी कचेरीच्या पटांगणात जलसा व्हायचा. तिथं तुम्ही दरसाल गायचात. हे मी मास्तरांना मुद्दाम सांगितलं. तुम्ही कधी नाही म्हणाला नव्हतात. तहसीलदार बदलायचे, तुमचं गाणं तेच. पानाचा विडा आणि कधी एखादा शेला घेऊन तुम्ही परत यायचात आणि शेला मायच्या अंगावर टाकायचात. सालगिरा चांदाच्या महिन्यावर चालायची. आपल्याला अधिक महिना असतो, त्यांना नसतो, म्हणून ती दोन-तीन वर्षांनी एकेक महिना मागं सरकत यायची. मी लहान असताना ती श्रावणात होती, पोळ्याच्या आसपास. मग आषाढात आली, ज्येष्ठात आली, वैशाखात आली. तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नव्हतं. संस्थान बुडायच्या आधीच्या उन्हाळ्यात ती चैत्राच्या अवसेवर आली.

मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेले. पेडगावहून बैलगाडीनं आणताना तुम्ही वाटभर गाडीवानाला "हळू, हळू" करत होतात. दिवस बरे नव्हते. हत्यारं घेतलेली टोळकी गावोगाव फिरत होती, खेड्यातली माणसं घरं टाकून सरहद्दीपार वऱ्हाडात चालली होती. बाजारात लोक हळू बोलायचे आणि मधेच गप्प व्हायचे. खादीवाली पोरं दिसेनाशी झाली होती, पण अधूनमधून एखादं गिऱ्हाईक होऊन दुकानात यायचं.

पाडवा झाल्यावर कचेरीचा चपराशी निरोप घेऊन आला. नेहमीप्रमाणं जलशाला या. तुम्ही दिवस विचारलात. त्यानं सांगितला. तुम्ही बोटं मोजलीत आणि म्हणालात, "आवंदा गाणं व्हायचं न्हाई. त्या दिशी माझ्या उस्तादांची बरसी हाय." चपराशी म्हणाला, "अप्पा, येडे झालाव का? असं सांगू का मी साहेबाला?" तुम्ही म्हणालात, "असंच सांग." तहसीलदारांनी तुम्हाला बोलावून घेतलं. ते हैदराबादचे होते, गाण्याचे शौकीन होते. तुम्ही जेवताना मायला सांगत होतात ते मी ऐकलं. ते रागावले नाहीत. "देखिए, उस्ताद का हक अपनी जगह," म्हणाले, "मगर दिन सरकार का है. सुबह आप अपनी बरसी कीजिए, शाम को यहाँ आ जाइए." तुम्ही म्हणालात, "साहेब, त्या दिशी गळा माझा नसतो. दुसऱ्या कोणत्या बी दिशी बोलवा, रातभर गातो." त्यांनी समजावून बघितलं. शेवटी म्हणाले, हे दिवस असे आहेत की याचा अर्थ लोक वेगळा करतील.

तो अर्थ लोकांनी लगेच केला. दोन दिवसांत एक खादीवाला पोरगा गुळाचं निमित्त करून आला. वकिलाचा मुलगा, तुमच्या मांडीवर खेळलेला. तुमच्या पाया पडला. "अप्पा, लय मोठं काम केलंव. सगळ्या जिल्ह्यात बोलायलेत लोक." तुम्ही तराजू हातात धरून म्हणालात, "अरे बाबा, मी काय केलं? बरसी हाय माझी त्या दिशी." तो हसला. तुम्ही हुशारीनं सबब काढलीत असं त्याला वाटलं. तुम्ही कचेरीत आणि दुकानात एकच बोललात. दोघांनीही 'गाणार नाही' एवढंच ऐकलं. उरलेलं कुणाच्या कानात गेलं नाही. माय म्हणाली, "जा की घटकाभर. एवढी लेक अवघडलेली घरात. खाँसाहेब काय उठून जाब विचारणार हायेत?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि विचारलंत, "तुला भ्या वाटायलंय का?" मी नाही म्हटलं. वाटत होतं.

अवसेच्या दिवशी सगळं नेहमीसारखं झालं. फुलं, फळी, पडदा. अम्माजान सकाळीच आली. ती म्हणाली, "बेटा, मैं बोली तुझे, इस साल रहने दे. उनो नै बुरा मानते." तुम्ही तंबोऱ्याच्या तारा जुळवत होतात. म्हणालात, "अम्माजान, ते न्हाई मानणार. मी मानतो." आणि गायला लागलात. ऊन तापलं होतं, मी भिंतीला टेकून बसले होते, पायांना सूज होती. दुपार उतरायच्या सुमारास पुढच्या फळीवर काठ्या वाजल्या. जमादार होता आणि त्याच्यामागं पाच-सहा जण, कचेरीचे नसलेले. जमादार आपल्याकडचाच, दर आठवड्याला साखर नेणारा. त्याला शरम वाटत होती, हे मला दिसत होतं. "अप्पा, चला," म्हणाला. तुम्ही हातानं थांब म्हणून खूण केलीत. गाणं चालू होतं. त्यातल्या एकानं तंबोऱ्यावर पाय दिला. तेव्हा अम्माजान पडद्याच्या बाहेर आली. बुरख्याची जाळी वर केली आणि त्यांना त्यांच्याच बोलीत शिव्या घातल्या. अशा शिव्या मी आधी ऐकल्या नव्हत्या, नंतरही नाही. "इत्ते बड़े उस्ताद की बरसी है रे, कम्बख्तो! तुमारे घर में कोई नै मरा क्या?" एकानं तिला बाजूला ढकललं. ती पोत्यांवर पडली. तुम्ही उठलात, तिला हात दिलात, उपरणं खांद्यावर टाकलंत आणि त्यांच्यासोबत चालायला लागलात. दारातनं मागं बघितलं नाहीत.

माय चुलीपाशी बसून राहिली. अम्माजान संध्याकाळपर्यंत मोडलेल्या तंबोऱ्याचे तुकडे गोळा करत होती. मग तिनं माझ्या पोटावरनं हात फिरवला आणि गेली. त्यानंतर रोज येत होती. तुम्हाला आधी पाथरीतच आणि मग परभणीच्या तुरुंगात ठेवलंय हे तिनंच आम्हाला आणून सांगितलं. ज्येष्ठात मी बाळंत झाले, तेव्हा सुईण यायच्या आधी अम्माजानच उशाशी होती. मुलगा झाला. मायनं त्या दिवशी तिचा कप न्हाणीजवळच्या खुंटीवरनं काढला आणि आपल्या कपांत ठेवला. हे तुम्हाला मायनं सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते.

भाद्रपदात हिंदी फौजा आल्या. चार-पाच दिवसांत सगळं संपलं. तुरुंग उघडले. तुम्हाला मानवत रोड ठेसनावरनं लोकांनी बैलगाडीतनं वाजतगाजत आणलं. मी पोर छातीशी धरून दुकानाच्या ओट्यावर उभी होते. गुलाल, हार, घोषणा. तो वकिलाचा मुलगा गाडीत तुमच्या शेजारी उभा होता आणि ओरडत होता की यांनी निजामापुढं गळा विकला नाही. तुम्ही एवढे बारीक झाला होतात की मला आधी वाटलं दुसराच कुणी आहे. तुमचे समोरचे दात नव्हते. गाडी दुकानापाशी थांबली, तुम्ही नातवाकडं बघितलंत आणि पहिलं वाक्य बोललात, "अम्माजान कुठं हाय?" शब्द फुसकन निघत होते. वाजवणारे वाजवत होते. मायनं पदर तोंडाला लावला.

तुम्ही गाडीतनं उतरलात आणि हार तसेच गळ्यात घेऊन दर्ग्यामागच्या गल्लीकडं चालू लागलात. लोक थोडे मागं आले, मग थांबले. मी मात्र आले तुमच्यामागं, पोर घेऊन. ती गल्ली मी दोन दिवस आधीच बघितली होती. फौजा आल्यावर अर्धी जाळलेली, बाकीची लुटून उघडी टाकलेली. अम्माजानच्या घराला दार नव्हतं. आत भांडं नव्हतं, पेटी नव्हती. चुलीत राख होती आणि पाटा पालथा पडला होता. तुम्ही तो पाटा सरळ केलात. का केलात ते ठाऊक नाही. वरवंटा शोधलात, तो सापडला नाही. मग आपण घरी आलो. कुणी म्हणालं, ती हैदराबादच्या गाडीत बसताना दिसली. कुणी दुसरं काही सांगितलं, ते मी इथं लिहीत नाही. तुम्ही सहा महिने ज्याला त्याला विचारत होतात. येलदरीकडनं, सेलूकडनं येणाऱ्या गाडीवानांना, शिपायांना, आगगाडीतल्या लोकांना. एक शिपाई म्हणाला, "नाव काय बाईचं?" आपल्याला अम्माजान एवढंच ठाऊक होतं. आज त्या शाळेच्या बाईनंही विचारलं, उस्तादांचं नाव काय? मी म्हटलं, खाँसाहेब. ती म्हणाली, हो, पण नाव? अप्पा, ते तुम्ही कधी घेतलंच नाहीत. गुरूचं नाव घेताना कानाला हात लावावा लागतो, म्हणून घेत नव्हतात.

पुढचा चैत्र आला. नवा तंबोरा कुठनं आणलात ते मला माहीत नाही. मी पोराला दाखवायला म्हणून आले होते, तेव्हा तुम्ही मागची खोली सारवून घेत होतात. अवसेच्या आदल्या दिवशी तो वकिलाचा मुलगा आला. आता तो पुढारी झाला होता, त्याच्या शब्दाला किंमत आली होती. त्याच्याबरोबर बाजारातले दोन वाणी होते, आपल्याच मठातले. तो खरंच काळजीनं बोलत होता, वाईट मनानं नाही. "अप्पा, आवंदा हे बंद ठेवा. ही लोकं काय वागली आपल्याशी, तुमाला तर सांगाया नको. तुमचे दात बघा." तुम्ही म्हणालात, "दात खाँसाहेबांनी पाडले न्हाईत." तो म्हणाला, "तसं न्हाई. उद्या अवस हाय, उद्या त्या निजामाचीबी सालगिरा हाय. जुनी तारीख लोकांच्या ध्यानात हाय. तुमी घरात तंबोरा लावून गायला बसलाव तर लोक म्हणतील, अप्पा हुजुराची सालगिरा करायलेत."

तुम्ही हसलात. त्या वर्षात तुम्हाला मी एकदाच हसताना बघितलं, ते तेव्हा. म्हणालात, "गेल्या साली गायलो न्हाई म्हणून आत गेलो. आवंदा गायलो म्हणून आत जाऊ का? बाबा, मी दोन्ही साली एकच काम करायलोय. तुमी दिवस बदलायलाव." तो म्हणाला, लोक दुकानावर यायचे बंद होतील. तुम्ही म्हणालात, "मिरचीला तर आधीपासनंच येत न्हाईत." वाणी उठले. जाताना त्यातला एक मायला म्हणाला, वहिनी, तुम्ही तरी सांगा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कबरीवर जाऊन आलात. फुलं नव्हती मिळाली, कडुनिंबाचा मोहोर ठेवून आलात. फळी लावली. मागच्या खोलीत कुणीच नव्हतं. बाजारातनं जाताना लोक आपल्या दारासमोर आवाज चढवून बोलत होते, ते आत ऐकू येत होतं. एक दगड फळीवर लागला, दुसरा आला नाही. तुम्ही तंबोरा लावलात आणि पहिला सूर लावला, आणि तो फाटला. दातांच्या फटीतनं वारा जात होता. तुम्ही थांबलात. परत लावलात. परत तसंच. मला वाटलं आता तुम्ही उठाल. तेवढ्यात माय स्वयंपाकघरातनं आली. हात पिठाचे होते. तिनं पेटीतनं ते जुनं लुगडं काढलं, दोन खुंट्यांना बांधलं, पडदा केला, आणि पलीकडं अम्माजानच्या जागी जाऊन बसली. माझी माय, अप्पा, जिनं उभ्या जन्मात तुमचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं, रियाज सुरू झाला की जी मुद्दाम खलबत्ता घ्यायची. पडद्यामागनं ती अम्माजानसारखंच म्हणाली, "हौ." तिला एवढंच येत होतं. तुम्ही गायला लागलात. फाटका सूर घेऊन दिवेलागणीपर्यंत गायलात. अधूनमधून पडद्यामागनं "हौ" यायचं, कधी चुकीच्या जागी यायचं, तरी तुम्ही त्याला मान द्यायचात.

दुकान पुढं चाललं नाही फारसं. लोक रागावले असं नाही, विसरले. सत्काराला तुम्हाला बोलवायचे, मग तेही बंद झालं. तुम्ही बरसी करत राहिलात, माय "हौ" म्हणत राहिली. तुम्ही गेलात तेव्हा मी पेडगावला होते. सांगावा आला, गाडी जुंपली, पोचेपर्यंत तुम्हाला बसवून, भस्म लावून, फुलांनी सजवून ठेवलं होतं. मी समोर बसले. बायका मला रड म्हणत होत्या. मला तहान लागली होती एवढं आठवतं. पुढच्या चैत्रात मायनं मला विचारलं, आता कोण करणार? मी म्हटलं, कुणाला येतंय. ती बरं म्हणाली आणि लुगड्याची गोधडी शिवली. ती गोधडी लय दिवस टिकली.

आता तुमचं नाव फळ्यावर येईल. एक जूनला जन्म म्हणून, आणि मुक्तिदिनाला नकार म्हणून. बरसीचं मी सांगितलंय, लिहितील की नाही ते फळ्यावरच्या जागेवर आहे. त्या तरुण बाईनं मात्र जाताना विचारलं होतं, "आजी, कोणता राग गायचे ते त्या दिवशी?" मी म्हटलं, आठवत नाही. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, सूनबाईलाही नाही. ती मोठ्यानं वाचेल.

आठवत नाही हे खरं नव्हतं. मला ते कधी ठाऊकच नव्हतं. अप्पा, मला गाणं कळत नाही. तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही. मला ते सगळं एकसारखं लांबलचक वाटायचं, आणि तुम्ही डोळे मिटले की मी इकडंतिकडं बघायचे. त्या चैत्रात तुम्ही दात नसलेल्या तोंडानं गात होतात, माय पडद्यामागं बसली होती, तेव्हाही मी मांडी हलवत फक्त एवढंच बघत होते की पोराला झोप लागते का. लागली.